वाचक विचारतात : वीज आहे, मग जोडणी का नाही?

मागच्या अंकात विजेच्या गाड्या, इंडक्शन शेगड्या आणि त्यांचा भार वाहणारी वितरण यंत्रणा यांबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रं पुष्कळ आली. एकाच आशयाची पत्रं एकत्र करून, थोडी छाटून इथे दिली आहेत. मी वीज वितरणाच्या नियोजन विभागातून निवृत्त झालो, त्यामुळे उत्तरं टेबलाच्या पलीकडच्या बाजूची आहेत, हे लक्षात ठेवूनच वाचा. आता अर्ज घेऊन मीही टेबलाच्या अलीकडेच उभा असतो, ही त्यातली गंमत.

प्रश्न : आमच्या सोसायटीत ४० सदनिका आहेत, प्रत्येकीचा मंजूर भार ५ किलोवॅट. दहा सभासदांनी गाडीच्या चार्जरसाठी अर्ज केले, तर वीज कंपनी म्हणते रोहित्राची क्षमता संपली, नवीन बसवा, खर्च तुमचा. जो भार मंजूर आहे त्याच्या आतच तर आम्ही वीज मागतोय. मग क्षमता संपली कशी? (सोसायटीचे सचिव)

सचिवसाहेब, चाळीस सदनिकांचा मंजूर भार मिळून २०० किलोवॅट होतो. आता आवारातल्या डीपीची, म्हणजे रोहित्राची, पाटी वाचा (कुंपणाबाहेरूनच, आत हात घालू नका). बहुधा १०० केव्हीए (ढोबळमानाने १०० किलोवॅट) लिहिलेलं असेल. हे पाहून फसवणूक झाली असं वाटेल, पण तसं नाही. जगातल्या प्रत्येक वीज कंपनीने आजवर असंच केलं आहे आणि ते योग्यच होतं. तुमचा गीझर चालू असतो तेव्हा वरच्यांचा बंद असतो, त्यांची इस्त्री चालू असते तेव्हा तुम्ही बाहेर गेलेले असता. चाळीस घरांची कमाल मागणी एकाच मिनिटाला कधी येत नाही. शिकागोच्या सॅम्युअल इन्सल यांनी शंभरेक वर्षांपूर्वी आपला अख्खा वीजधंदा याच गोष्टीवर उभारला : गिऱ्हाइकं जितकी जास्त आणि जितकी वेगवेगळ्या सवयींची, तितकी दर गिऱ्हाइकामागे लागणारी यंत्रणा लहान. तुमच्याकडे संध्याकाळी घरटी दोन किलोवॅट पडतात असं धरू. झाले ८०. शंभरच्या डीपीला ते झेपतात.

गाडीचा चार्जर हा हिशेब मोडतो. ३२ अँपिअरचा चार्जर २३० व्होल्टला ७.४ किलोवॅट ओढतो, म्हणजे साडेतीन-चार घरांइतका. गीझर पंधरा मिनिटांत कट होतो, गाडी मात्र बॅटरी भरेपर्यंत ओढतच राहते. शिवाय लोक कामावरून साधारण एकाच सुमाराला घरी येतात आणि आल्या आल्या प्लग लावतात. दहा चार्जरचे ७४ आणि इमारतीचे ८०, मिळून १५४ किलोवॅट. अधिकाऱ्याने हीच बेरीज केली आणि तुम्हाला नकार दिला. त्याच्या कागदावर तो बरोबर आहे.

पण ही बेरीज किलोवॅटची, म्हणजे एका क्षणाच्या ओढीची झाली. युनिटची, म्हणजे दिवसभरात लागणाऱ्या एकूण विजेची, कुणी केलीच नाही. दिवसाला ४० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला सात युनिट पुरतात. दहा गाड्यांना सत्तर. रात्री अकरा ते सकाळी सहा या सात तासांत ते वाटले तर सरासरी दहा किलोवॅट पडतात, आणि त्या वेळी निम्म्याहून अधिक डीपी रिकामा असतो. म्हणून दहा वेगवेगळे अर्ज मागे घ्या. गाड्यांसाठी एकच सामाईक जोडणी मागा. मुख्य केबलवर करंट मोजणारा सेन्सर आणि चार्जरना वीज वाटून देणारा नियंत्रक बसवा. इमारतीचा भार वाढला की तो चार्जर आपोआप हळू करतो. अर्जात '१० × ७.४' लिहू नका. असं लिहा : 'सर्व चार्जर मिळून रात्री ११ पर्यंत १० किलोवॅट व त्यानंतर सकाळी ६ पर्यंत ३० किलोवॅट यापेक्षा जास्त भार घेणार नाहीत, मर्यादा नियंत्रकाने पाळली जाईल.' संध्याकाळी आठपासून धरलं तरी यात २४० युनिट बसतात. गाड्या तिप्पट झाल्या तरी डीपी तोच चालेल.

कंपनीच्या छापील अर्जात असा रकाना नसेल. मग सोबत पत्र जोडा आणि लेखी उत्तर मागा. तोंडी नकार फार स्वस्तात मिळतो, लेखी नकार देण्याआधी कुणीतरी एकदा आकडे बघतो.

प्रश्न : विजेच्या गाड्या येणार हे सगळ्यांना किती वर्षांपासून माहीत आहे! मग आधीच मोठी रोहित्रं का बसवून ठेवत नाहीत? दर दोन वर्षांनी रस्ता खणायचा आणि 'काम चालू' ची पाटी लावायची, याला नियोजन म्हणतात का? (एक शिक्षिका)

ताई, गाड्या येणार हे माहीत आहे. कुठल्या गल्लीत आणि कुठल्या साली, ते माहीत नाही. नियोजनाचं सगळं दुखणं या 'कुठे' आणि 'कधी' मध्येच आहे.

सगळ्या शहराची मागणी वर्षाला तीन-चार टक्के वाढते, तिचा आलेख सरळ चढता दिसतो. तोच आलेख एका गल्लीचा काढा. वर्षानुवर्षं सपाट, मग तीन-चार वर्षांत एकदम उसळी, पुन्हा सपाट. क्षेत्र जितकं लहान घ्याल तितकी ही उसळी उभी होत जाते. गाड्यांच्या बाबतीत तर आणखीच. एकाने घेतली की समोरचा विचारायला जातो, चक्कर मारून येतो, सहा महिन्यांत त्याच्याही दारात उभी राहते. शहरात शंभरात पाच गाड्या विजेच्या असल्या, तरी एखाद्या डीपीवर शंभरात तीस असतात आणि शेजारच्या डीपीवर एकही नसते. पाच टक्क्यांची सरासरी दोन्ही डीपींच्या बाबतीत चुकीचीच.

नॉर्वेचं उदाहरण पुष्कळ जणांनी पत्रांत दिलं आहे. २०२४ मध्ये तिथे विकलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के विजेच्या होत्या आणि तिथलं वितरण कोसळलं नाही, हे खरं. पण तिथली घरं पूर्वीपासून विजेवर गरम होतात. हिवाळ्याचा तो भार वाहायला तारा आधीच जाड होत्या. ज्या देशांत घरटी दोन किलोवॅट धरून जाळं विणलं, त्यांना ही नक्कल करता येत नाही.

आता 'सगळीकडे मोठंच बसवून टाका' चा खर्च. रोहित्राला भार असो नसो, त्याच्या लोखंडी गाभ्यातला तोटा चोवीस तास चालूच असतो आणि मोठ्या रोहित्रात तो मोठा. रिकाम्या पडलेल्या यंत्रणेचं व्याज आणि घसारा दरात धरला जातो, म्हणजे ज्याच्याकडे सायकलसुद्धा नाही तोही ते भरतो. त्यात माल मिळायला हवा. अलीकडच्या काही वर्षांत अमेरिकेत वितरण रोहित्राची ऑर्डर दिल्यावर दोन दोन वर्षं थांबायची वेळ आली. गाभ्याला लागणारं खास पोलाद मोजकेच कारखाने करतात.

पण रस्ता खणण्याबद्दल मी शंभर टक्के तुमच्या बाजूने आहे. रोहित्र उचलून दुसरीकडे नेता येतं. इथे लहान पडलं तर काढा, जिथे पुरेल तिथे लावा, इथे मोठं आणा, एका दिवसाचं काम. केबलचं तसं नाही. जमिनीखालच्या केबलच्या कामात केबल स्वस्त पडते आणि खणणं, परवानग्या, रस्ता पूर्ववत करणं यांतच पैसा जातो. म्हणून चर उघडला की हिशेबात येते त्याच्या पुढची जाडी टाकावी आणि शेजारी एक रिकामा पाइप पुरून ठेवावा. जाड केबलमधला तोटाही कमी. करंट दुप्पट झाला तर तोटा चौपट होतो, तेव्हा भार वाढत जाणार असेल तर जाड केबल स्वतःचे पैसे स्वतः वसूल करते. आमच्याकडे दर वर्षी अंदाजपत्रकात पहिली कात्री नेमकी याच ओळीवर चालायची. केबलची एक पायरी उतरवली की रक्कम लगेच कमी दिसते. चर पुन्हा उघडावा लागतो तोवर कात्री चालवणाऱ्याची बदली झालेली असते.

प्रश्न : पण मग अंदाज बांधतात तरी कसा? संगणक सांगतो का? (निवृत्त बँक कर्मचारी)

संगणक शेवटी येतो. सुरुवात होते ती उपकेंद्रातल्या नोंदींपासून. प्रत्येक फीडरची (उपकेंद्रातून डीपींकडे जाणाऱ्या वाहिनीची) गेल्या वर्षातली कमाल मागणी काढायची आणि आधी ती खरी आहे का ते पाहायचं. शेजारचा फीडर बंद पडला म्हणून दोन तास त्याचा भार इकडे वळवलेला असतो आणि वहीत तोच आकडा कमाल म्हणून बसतो. असे आकडे काढून टाकावे लागतात. मग हवामान. गेला उन्हाळा सौम्य असेल तर त्या वर्षाची कमाल मागणी फसवी असते, म्हणून दहा वर्षांतून एकदा येणाऱ्या उन्हाळ्यात ती किती झाली असती ते काढतात. त्यावर मोठ्या ग्राहकांचे अर्ज चढवतात. तुम्ही बँकेत होतात, तेव्हा तुम्हाला हे पटेल : अर्जातला आकडा आणि प्रत्यक्ष उचल यांत फार फरक असतो. बांधकाम व्यावसायिक २ मेगावॅट मागतो, इमारत तीन वर्षं उशिरा उभी राहते आणि भरल्यावर निम्माच भार घेते.

यानंतर शहराचे लहान लहान चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनात पुढे काय येईल ते मांडायचं. किती घरांना आवारात गाडी लावायला जागा आहे, कुठे गॅसची जागा वीज घेईल, कुठली मोकळी जमीन कशासाठी राखीव आहे. एकच भविष्य धरत नाहीत. वाढ सावकाश, मध्यम, झपाट्याने अशी निदान तीन चित्रं काढतात. मग संगणक दाखवतो, कुठला फीडर कुठल्या चित्रात कुठल्या साली मर्यादा ओलांडतो. जो तिन्ही चित्रांत ओलांडतो, त्याचं काम आज सुरू करायचं. जो एकाच चित्रात ओलांडतो, तिथे जागा राखून ठेवायची आणि दर वर्षी लक्ष ठेवायचं.

उपकेंद्रात एक नियम कडक असतो. दहा-दहा एमव्हीएची (एक एमव्हीए म्हणजे हजार केव्हीए) दोन रोहित्रं असली तर क्षमता वीस धरत नाहीत, दहाच्या आसपास धरतात. एक बंद पडलं तर दुसऱ्याने सगळं ओढलं पाहिजे. वर्तमानपत्रात अधूनमधून 'उपकेंद्र निम्म्या भारावर, तरी नव्या जोडण्यांना नकार' अशी बातमी येते, तिच्यामागे बहुतेक वेळा हा नियम असतो.

खरी पंचाईत वेगवेगळ्या वेगांची आहे. पन्नास विजेच्या बसचा डेपो घ्या. प्रत्येक बसला १०० किलोवॅटचा चार्जर धरला तर ५ मेगावॅट, म्हणजे ११ किलोव्होल्टचा जवळजवळ एक अख्खा फीडर. बस वर्षभरात येतात, डेपोचं छत त्याहून लवकर. उपकेंद्राला मात्र जमीन, परवानग्या, यंत्रसामग्री, चाचण्या यांत तीन ते पाच वर्षं सहज जातात. नेदरलँड्ससारख्या श्रीमंत आणि शिस्तीच्या देशात जून २०२२ मध्ये नॉर्थ ब्रॅबंट आणि लिम्बुर्ग या दोन प्रांतांत नव्या मोठ्या ग्राहकांसाठी जागाच उरली नाही, असं जाहीर करावं लागलं. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने २०२३ मध्ये हिशेब मांडला, की २०४० पर्यंत जगभरात ८ कोटी किलोमीटर वाहिन्या नव्याने टाकाव्या किंवा बदलाव्या लागतील. आज जगात साधारण तेवढ्याच आहेत. म्हणून डेपोवाल्यांनी बसच्या निविदेआधी वीज कंपनीकडे जायला हवं. बहुतेक जण बस आल्यावर जातात.

प्रश्न : रात्रीचा स्वस्त दर लावला की प्रश्न मिटेल ना?

बराचसा मिटेल, आणि एक नवा उभा राहील. दर अकराला उतरणार असेल तर प्रत्येक जण टायमर अकराचाच लावतो. मग घरांच्या वेगवेगळ्या सवयींमुळे जो भार पसरत होता, तो दराने एका मिनिटावर आणून ठेवला. भाराचं संध्याकाळचं टोक (सर्वांत जास्त मागणीची वेळ) गेलं, रात्री अकराचं आलं, आणि ते कदाचित जास्त उंच. ब्रिटनने यावर साधा उपाय केला. ३० जून २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार घरगुती चार्जर ठरल्या वेळी लगेच सुरू होत नाही, दहा मिनिटांपर्यंत कितीही वेळ आपल्या मनाने थांबतो. कुणाला कळतही नाही, आणि एका क्षणाची उडी दहा मिनिटांचा चढ होते. मला असले उपाय आवडतात. त्यांना पैसा लागत नाही आणि कुणाला शिस्त लावावी लागत नाही.

रोहित्राचं वय हीसुद्धा एक बाजू आहे. त्याच्या आतल्या तारांवर गुंडाळलेला कागद उष्णतेने म्हातारा होतो. नेहमीच्या कागदासाठी सर्वांत तापलेल्या जागी ९८ अंश सेल्सिअस ही रोजच्या वापराची पातळी मानतात आणि त्याच्या वर दर सहा अंशांना झीज दुप्पट होते, असं आंतरराष्ट्रीय मानक सांगतं. संध्याकाळी तासभर जास्त भार आला तरी चालतं, कारण रात्री ते थंड होतं. जुन्या रोहित्रांचं आयुष्य या रात्रीच्या विश्रांतीवर उभं आहे. गाड्यांनी रात्रभर ते पूर्ण क्षमतेने चालवलं तर नोंदवहीत 'ओव्हरलोड' कधी दिसणार नाही, तरी ते लवकर जाईल. वर सोसायटीला मी ११ नंतर तीसच किलोवॅट लिहायला सांगितलं, त्याचं हेही एक कारण.

प्रश्न : आमचं घर लाइनच्या शेवटच्या टोकाला. संध्याकाळी व्होल्टेज १९० वर येतं, पंखा रेंगाळतो. समोरच्या घरी त्याच वेळी २३५! तक्रार केली तर उत्तर आलं, 'रोहित्र ओव्हरलोड नाही.' खोटं कोण बोलतंय?

कुणीच नाही. या पत्राला सविस्तर उत्तर देतो, कारण माझ्या मते पुढच्या दहा वर्षांतल्या निम्म्या तक्रारी अशाच असणार आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच नवीन रोहित्राशिवाय मिटू शकतात.

रोहित्रातून वीज तीन फेजच्या तारांनी निघते, त्यांना आर, वाय आणि बी म्हणतात, आणि साधं घर त्यांपैकी एकाच फेजवर असतं. १०० केव्हीएच्या रोहित्राचा पूर्ण भाराचा करंट एका फेजला १३३ अँपिअर. समजा वायरमनने संध्याकाळी टाँग टेस्टर (तारेभोवती पकडून करंट मोजणारं यंत्र) लावला आणि आकडे आले : आर फेजवर १६०, वाय वर ७०, बी वर ९०. बेरीज ३२०, सरासरी १०७. कार्यालयात जाते ती सरासरी, आणि ती म्हणते ८० टक्के भार. म्हणून 'ओव्हरलोड नाही'. पण आर फेज १३३ च्या जागी १६० वाहतोय. तुमचं घर आर वर आहे. समोरचे वाय किंवा बी वर.

असं होतं कसं? नव्या जोडणीची सर्व्हिस वायर जोडताना खांबावर जो फेज हाताशी येतो त्यावर ती जाते. एक-दोन पंखे आणि टीव्हीच्या जमान्यात याने काही बिघडत नव्हतं. आता एका फेजवरच्या तीन घरांनी सात-सात किलोवॅटचे चार्जर लावले, की शंभर अँपिअरच्या आसपास भार एकाच बाजूला. तिन्ही फेज समतोल असते तर न्यूट्रलमध्ये, म्हणजे करंट परत नेणाऱ्या चौथ्या तारेत, जवळपास काहीच वाहिलं नसतं. वरच्या आकड्यांत त्यातून ८० अँपिअर वाहतात, आणि लघुदाब (डीपीपासून घरांपर्यंतच्या) लाइनची न्यूट्रल तार पुष्कळदा फेजच्या तारेपेक्षा बारीक असते. त्या करंटमुळे न्यूट्रलचं व्होल्टेज टोकाकडे सरकतं : भारलेला फेज आणखी खाली जातो, हलके फेज उलट वर चढतात. तुमचे १९० आणि समोरचे २३५ ही एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत.

उपाय असा : आर वरच्या काही सर्व्हिस उचलून दुसऱ्या फेजवर टाकायच्या. १२०, १०५, ९५ असं जमलं तरी न्यूट्रलचा करंट ऐंशीवरून वीस-बावीसवर येतो. वीज बंद करून, शिडी लावून, अर्ध्या दिवसाचं काम. एवढं करूनही टोकाला व्होल्टेज पडत असेल तर मग तार बदलायची, किंवा लाइनच्या मधोमध आणखी एक लहान रोहित्र बसवून लाइन आखूड करायची. मोठं रोहित्र बसवून शेवटच्या घराला फारसं काही मिळत नाही. तारेतली घट तारेतच राहते.

तक्रार पुन्हा करा, पण 'व्होल्टेज कमी येतं' एवढंच लिहू नका. 'संध्याकाळी ८ ते १० या वेळेत तिन्ही फेजचे आणि न्यूट्रलचे वेगवेगळे करंट घ्यावेत' असं मागा. वेळ लिहिणं महत्त्वाचं. रीडिंग घेणारा माणूस दुपारी बाराला येतो, कारण त्याची ड्यूटी संध्याकाळी संपते, आणि दुपारी बाराला तुमची लाइन एकदम सुदृढ असते.

प्रश्न : सगळ्यांनी इंडक्शनवर स्वयंपाक सुरू केला तर? गाड्यांची एवढी चर्चा, शेगडीचं कुणी बोलत नाही. (एक गृहिणी)

तुम्ही बोललात ते बरं झालं. शेगडी दोन किलोवॅटची, चार्जरपेक्षा कितीतरी लहान, आणि तापमान राखताना मधून मधून बंदही होते. त्यामुळे बेरजेत प्रत्येकीचे पूर्ण दोन किलोवॅट पडत नाहीत. पण गाडीची वेळ सरकवता येते, शेगडीची येत नाही. रात्री दोनला स्वयंपाक कोण करणार? म्हणून नियोजन करताना शेगडीचा भार संध्याकाळच्या टोकावर जसाच्या तसा ठेवायचा आणि त्याच्यासाठी जागा करायला गाडीला मागे ढकलायचं. उलटं करणारे आराखडे मी पाहिले आहेत. गाड्यांना चार पानं आणि स्वयंपाकघराला तळटीप. आराखडा करणाऱ्यांपैकी किती जण संध्याकाळी शेगडीपाशी उभे असतात, हा प्रश्न तुम्हीच विचारा.

प्रश्न : छतावर सौर पॅनेल लावलं की डीपीचा भार हलका होतो. मग परवानगी का अडवतात?

दुपारी हलका होतो, आणि डीपीला दुपारची चिंता नसतेच. टोक संध्याकाळचं, तेव्हा सूर्य नसतो. कॅलिफोर्नियाच्या ग्रिड चालकांनी २०१३ मध्ये काढलेला बदकाच्या आकाराचा आलेख याचंच चित्र आहे : दुपारी पोट खोल, संध्याकाळी मान उभी. दुपारी घरं रिकामी असतील तर वीज उलटी डीपीकडे वाहते आणि लाइनच्या टोकाला व्होल्टेज चढतं. २३० च्या दहा टक्के वर, म्हणजे २५३ च्या आसपास गेलं, की पॅनेलची वीज लाइनवर सोडणारे इन्व्हर्टर स्वतःच बंद होऊ लागतात. मग नेमक्या कडक उन्हात तुमचं पॅनेल स्वस्थ बसतं.

परवानगी अडवण्यापेक्षा कुठल्या फीडरवर किती जागा आहे याचा नकाशा आधीच लोकांसमोर ठेवणं जास्त शहाणपणाचं. कॅलिफोर्नियातल्या मोठ्या वीज कंपन्यांना असे नकाशे खुले ठेवावे लागतात. नकाशा पाहून माणूस अर्ज करतो, नाकारून घेण्यासाठी करत नाही. बॅटरी जोडली तर दुपारची वीज संध्याकाळी वापरता येते आणि तेव्हा मात्र डीपीला खरी मदत होते.

प्रश्न : मी विद्युत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. वितरण नियोजनात काम करायचं आहे. तार आणि रोहित्र सोडून इथे नवं काही आहे का? कुठलं सॉफ्टवेअर शिकू?

नवं पुष्कळ आहे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन आणि क्वीन्स भागात मागणी वाढली तेव्हा कॉन एडिसन कंपनीपुढे साधारण १.२ अब्ज डॉलरचं नवं उपकेंद्र हा सरळ मार्ग होता. डिसेंबर २०१४ मध्ये नियामक आयोगाने २० कोटी डॉलरचा दुसरा मार्ग मंजूर केला : ग्राहकांकडचे दिवे आणि यंत्रं बदला, बॅटऱ्या बसवा, टोकाच्या तासांत भार उतरवणाऱ्यांना पैसे द्या. उपकेंद्र त्यामुळे लांबणीवर पडलं. लांबणीवर पडलं, रद्द झालं नाही, हे जाहिरातींत नसतं म्हणून सांगतो. पण अनिश्चिततेत पाच-सात वर्षं विकत घेता येणं ही मोठी गोष्ट आहे. तेवढ्यात वाढ खरी होती की फुगवलेली, ते कळतं.

सॉफ्टवेअर कुठलंही शीक, एक आलं की बाकीची येतात. त्यात भरायची माहिती मिळवणं अवघड. अमेरिकेत वितरण रोहित्रं किती, याचा तिथल्या राष्ट्रीय प्रयोगशाळेचा अंदाज आहे ६ ते ८ कोटी. दोन कोटींचा फरक, आणि तोही साध्या मोजणीत! उपकेंद्रापासून फीडरपर्यंत सगळं मोजलेलं असतं, फीडरपासून डीपीपर्यंत बऱ्यापैकी, आणि डीपीच्या पुढे अंधार. गाड्या, शेगड्या, पॅनेलं येतायत ती सगळी या शेवटच्या तुकड्यावर. कुठलं घर कुठल्या फेजवर आहे हे बहुतेक कंपन्यांच्या नोंदीत एक तर नसतं, नाही तर चुकीचं असतं.

आता स्मार्ट मीटर दर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासाने व्होल्टेजची नोंद ठेवू शकतात. एका फेजवरच्या घरांचं व्होल्टेज एकत्र खाली-वर होतं. एका डीपीवरच्या पन्नास मीटरची महिनाभराची नोंद घे, कुठल्या घराची चाल कुणाशी जुळते ते पाहा, आणि तीन गट पाड. मग वायरमनबरोबर जाऊन खांबांवर ताडून बघ. खांबावर चढायचं काम त्याचं, वही धरायचं तुझं. मुलाखतीला जाशील तेव्हा ती वही घेऊन जा. समोरच्या माणसाने नियोजनात काम केलेलं असेल तर प्रमाणपत्रांआधी तो तीच उघडेल.